आईच्या दूर्वा, शेजाऱ्याचं लॉन

लंडनजवळ हॅरोमध्ये घर घेतलं तेव्हा मी बाथरूममधली ओल तपासली, बॉयलर चालू करून पाहिला, नळ सोडून पाहिले. मागे गवताचा एक तुकडा आहे हे एजंटने दाखवलं होतं, पण तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. गवत काय बघायचं? पहिल्याच मे महिन्यात कळलं की या देशात माणसाची पारख त्याच्या बाथरूमवरून होत नाही, लॉनवरून होते. आणि पारख करणारा कुंपणाच्या पलीकडेच राहत होता.

आमचे शेजारी पंचाहत्तरीचे होते. रेल्वेत सिग्नलची कामं करून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, आणि कमालीचे सभ्य. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा ऑस्ट्रेलियात. त्यांच्या घरातून दोनच आवाज यायचे, एक रेडिओचा आणि दुसरा लॉन कापायच्या यंत्राचा. त्यांचं लॉन म्हणजे एक फिकट पट्टा, एक गडद पट्टा, परत फिकट, परत गडद. कडा ते कात्रीने कापायचे. मी हे आमच्या हिला दाखवायला बोलावलं तर ती म्हणाली, ‘‘बघून घे. तुला तर नखंसुद्धा वेळेवर कापता येत नाहीत.’’

एका रविवारी ते कुंपणावरून आमच्या गवताकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘इंटरेस्टिंग.’’

मला या देशात येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कोणी ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं की आपलं काहीतरी चुकलंय हे कळायला तेवढी वर्षं पुरतात.

मग ते बाजूच्या फाटकातून आत आले. हातात भिंग, काखेत गुडघ्याखाली घ्यायची फोमची गादी. पुढचा तासभर आम्ही दोघे, एक सिग्नलवाला आणि एक सॉफ्टवेअरवाला, पालथे पडून गवत बघत होतो. माझ्या समजुतीप्रमाणे गवत म्हणजे गवत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माझ्याकडे लॉन नव्हतंच, वेगवेगळ्या गवतांची धर्मशाळा होती. हे मऊ, राखाडी, लव असलेलं, हे पसरतं आणि मधेच मखमली ठिगळ लावल्यासारखं दिसतं. हे फिकं, बुटकं, कितीही खालून कापा, बी धरतंच. आणि हे तिसरं. इथे त्यांचा आवाज खाली आला. घरात कोणाला मोठं दुखणं निघालं की मोठी माणसं त्याचं नाव जसं हळू घेतात, तसं त्यांनी नाव घेतलं, ‘‘काउच ग्रास.’’

राठ, निळसर पात. पान जिथे दांड्याला चिकटतं तिथे दोन बारीक नख्या, दांड्याला मिठी मारून बसलेल्या. त्या भिंगातून दिसल्या. आणि खाली मातीत पांढरी, सुतळीएवढी जाड मुळी, तिचं टोक सुईसारखं. ही मुळी जमिनीखालून चालत जाते आणि जागोजागी डोकं वर काढते, असं ते म्हणाले.

‘‘औषध मारतो,’’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. लॉनवर मारायचं औषध रुंद पानांची तणं मारतं, गवताला हात लावत नाही. जे औषध गवत मारतं ते सगळंच गवत मारतं, त्याला तुमचं-आमचं कळत नाही. म्हणजे खणून काढायचं. आणि खणताना पेराएवढा तुकडा जरी मातीत राहिला तरी त्याचं नवीन झाड होतं. ‘‘एव्हरी बिट,’’ ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

मी इंजिनिअर. ऐकलं असतं तर नवल. पुढच्याच शनिवारी औषधाची बाटली आणून फवारून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी बेडरूमच्या खिडकीतून खाली पाहिलं तर लॉनवर तपकिरी रंगाचा महाराष्ट्र उमटला होता, कोकणपट्टीसकट. त्यात पहिल्यांदा हिरवं काय उगवलं असेल तर ते काउच ग्रास, साधारण नागपूरच्या आसपास.

तेव्हापासून दर शनिवारी मी बागेचा चार दातांचा काटा घेऊन खणायला लागलो. खणायचं, ओढायचं, मुळी कट्‌कन तुटायची, तुकडे बादलीत टाकायचे, बादली कौन्सिलच्या हिरव्या कचरापेटीशेजारी ठेवायची, कंबर धरून आत यायचं. पुढच्या शनिवारी तेच गवत तिथेच, जरा जास्तच तरतरीत. दोन वर्षं हा उद्योग चालला होता. तिसऱ्या वर्षी आई आली.

बाबा आदल्या दिवाळीत गेले होते. सांगलीच्या घरात आई एकटी. मी एकुलता एक. कागदपत्रं करून, वकिलाच्या मागे लागून तिच्या पासपोर्टवर इथे कायम राहायचा शिक्का मिळवला. पण शिक्का पासपोर्टवर बसला होता, मनावर नाही. तिने निघतानाच बजावलं होतं, ‘‘परतीचं तिकीट काढून ठेव. ऑक्टोबरचं. राहवलं तर राहीन, नाहीतर माझी मी जाईन.’’ ते तिकीट तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. दूध काढायला गेलं की समोर बारा ऑक्टोबर.

मला ती राहायला हवी होती. हे मी तिला नीट शब्दांत कधी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात असलं काही सांगायची पद्धत नाही. आमच्याकडे ‘जेवलीस का?’ विचारतात आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं असतं.

मार्च, एप्रिल वाईट गेले. सकाळी साडेसातला आम्ही दोघं ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडायला बाहेर, ती दिवसभर खिडकीशी. ‘‘इथे दार वाजतं ते फक्त पार्सलवाल्याने,’’ ती म्हणायची. ‘‘तोसुद्धा आत येत नाही. पाणी विचारलं तर घाबरतो.’’ संध्याकाळी मी घरी आलो की ती मला दिवसभरात रस्त्यावरून गेलेल्या कुत्र्यांचा तपशील सांगायची. मला ऐकवत नसे.

मेच्या सुरुवातीला एके दिवशी घरी आलो तर आई दारातच. चेहरा उजळलेला. ‘‘अरे, तुझ्या मागच्या अंगणात दूर्वा आहेत!’’

देवासमोर ताटलीत हिरवी जुडी होती, दोऱ्याने बांधलेली. एकवीस. दूर्वा मी आयुष्यात फक्त ताम्हनातच पाहिलेल्या. आमच्याकडे दूर्वा आणणं हे आईचं खातं. मी म्हटलं, ‘‘वा.’’

‘‘पात जरा मोठी आहे,’’ आई म्हणाली. ‘‘पण इथलं हवापाणीच तसं. इथली माणसं नाहीत का अंगाने थोराड? तशा दूर्वाही थोराड.’’

हे शास्त्र मला पटलं. मी चहा घेतला.

त्या महिन्याच्या संकष्टीला ऑफिसातला एक मित्र बायकोला घेऊन जेवायला आला. तिने देवापुढची जुडी पाहिली आणि हात जोडायच्या आधी विचारलं, ‘‘काकू, दूर्वा? ओरिजिनल? कुठे मिळाल्या? आम्ही इतकी वर्षं सुपरमार्केटमधली कोथिंबीर वाहतोय!’’ आईने तिला एक जुडी ओल्या रुमालात बांधून दिली. झालं. पुढच्या संकष्टीला सात फोन. स्लाऊहून एक बाई गाडी चालवत आल्या, येताना आंबाबर्फी घेऊन. इल्फर्डहून एक गृहस्थ अख्खं लंडन ओलांडून ट्यूबने आले आणि दोन तास बसले, कारण त्यांना आईसारखं बोलणारं कोणी बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. आईने एक वही केली. कोणाला किती जुड्या, कोण कधी येणार, कोणाच्या मुलाला परीक्षा आहे म्हणून एक जुडी जास्त. दार वाजायला लागलं. माणसं आत येऊन पाणी प्यायला लागली. जुलैत मी एकदा दूध काढायला गेलो तर तिकीट दिसेना. त्याच्यावर आईने दूर्वांची यादी लावली होती.

मी खूश होतो. मधे कधीतरी तिने विचारलं होतं, ‘‘मागे कुंपणाच्या कडेने थोडं लावू का रे?’’ मला वाटलं कोथिंबीर-मेथी. म्हटलं, ‘‘लाव की, विचारतेस काय.’’ शनिवारचं माझं खणणं चालूच होतं. बादली दर सोमवारी सकाळी रिकामी दिसायची. मला वाटायचं, ही करते रिकामी. हिला वाटायचं, मी करतो. लग्नाला दहा वर्षं झाली की असले प्रश्न कोणी विचारत नाही.

ऑगस्टच्या शेवटी, गणपती दोन आठवड्यांवर आलेले असताना, शेजाऱ्यांनी पुढच्या दाराची बेल वाजवली. ते नेहमी कुंपणावरून बोलत. पुढच्या दाराने आले म्हणजे प्रकरण गंभीर. हातात पांढरं पाकीट होतं. ‘‘आय डोन्ट वॉन्ट टू मेक अ फस,’’ ते म्हणाले, आणि पाकिटातून एक पांढरी मुळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

काउच ग्रास कुंपणाखालून त्यांच्या लॉनमध्ये शिरलं होतं. एका नव्हे, नऊ ठिकाणी. ते आणि त्यांची बायको, दोघांनी गुडघ्यांवर बसून पेरलेलं ते लॉन. ‘‘गंमत म्हणजे,’’ ते म्हणाले, ‘‘कुंपणाच्या कडेने अगदी सरळ रेषेत आलंय. एकसारख्या अंतरावर.’’

तण सरळ रेषेत येत नाही. एवढं गवताचं ज्ञान आता मलाही होतं. मी तडक मागे गेलो. कुंपणाच्या कडेने, रुबार्बच्या मोठ्या पानांमागे, वीत-वीत अंतरावर, सुबक आळी करून, माझं दोन वर्षांचं काउच ग्रास लावलेलं होतं. मी शनिवारी काढायचो, आई रविवारी लावायची. बादलीतला एकेक तुकडा. आणि बाजूला पातेलं. ती त्याला तांदळाचं धुवण घालत होती.

माझं डोकं फिरलं. आई खुरपं घेऊन तिथेच बसली होती.

‘‘अगं, काय केलंस हे? ह्या दूर्वा नाहीत! हे तण आहे, तण! दोन वर्षं मी गुडघे फोडून हे काढतोय आणि तू परत लावतेस?’’

‘‘अरे, दूर्वा कचऱ्यात कशा टाकायच्या? पायदळी...’’

‘‘दूर्वा नाहीत म्हणतोय ना मी! आणि हे तू सगळ्या लंडनला वाटत सुटलीस!’’

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते तोंडातून निघाल्यावर कळलं. आई उठली नाही, रडली नाही. म्हणाली, ‘‘भिंग आण.’’

मी आणलं. तिने चष्मा पुसला, एक पात जवळ धरली, बराच वेळ बघितली. दोन नख्या दांड्याला मिठी मारून बसलेल्या होत्या. ‘‘दूर्वेला हे नसतं,’’ ती म्हणाली. मग स्वतःशीच, ‘‘मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायला नको होतं.’’ आणि आत गेली.

मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. तिने वही उघडली आणि पहिल्या पानापासून फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच. ‘‘मी तुम्हाला दिलं ते साधं गवत होतं. चूक माझी. देवाची माफी मी मागेन, तुमची आत्ता मागते.’’ अकरा घरं. स्लाऊच्या बाई म्हणाल्या म्हणे, ‘‘काकू, त्याच गवतावर माझ्या नवऱ्याची नोकरी परमनंट झाली, मला तेच द्या.’’ आई म्हणाली, ‘‘चुकून दिलं ते दिलं. जाणूनबुजून देणार नाही.’’ इल्फर्डच्या गृहस्थांनी तीन संकष्ट्या परत कराव्या लागतील का असं विचारलं. आईने त्यांनाही शांतपणे उत्तर दिलं. शेवटचा फोन झाल्यावर तिने वही मिटली, फ्रिजवरची यादी काढली. खालून बारा ऑक्टोबर वर आला.

‘‘ह्याच्या अलीकडचं मिळतं का बघ,’’ ती म्हणाली.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण आईने अशा आवाजात सांगितलेली गोष्ट ती करतेच. मी म्हटलं, ‘‘बघतो.’’ आणि बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली. मागे जाऊन पाहतो तर आईने पहाटेच उठून तिची आळी मोकळी केली होती. जुन्या वर्तमानपत्रावर मुळ्या ओळीने मांडल्या होत्या. शेजारी कुंपणापाशी आले. त्यांनी आदल्या दिवशीचा आरडाओरडा ऐकला होता, शब्द कळले नसले तरी सूर कळला असणार. त्यांना सांगणं भाग होतं. आमचा एक देव आहे, त्याला गवत आवडतं, एक ठरावीक गवत, आणि माझ्या आईची ओळखण्यात चूक झाली, असं मी सांगितलं. इंग्रजीत हे फार विचित्र वाटलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर वर्तमानपत्रावर होती.

‘‘हे कोणी काढलं?’’

‘‘आईने.’’

ते वाकले आणि एक मुळी दोन बोटांत धरून वर उचलली. ती संपेचना. हातभर, त्याच्याही पुढे, दोन फाटे फुटलेली, आणि टोकाची सुई शाबूत. कुठेही तुटलेली नाही. ‘‘चाळीस वर्षांत,’’ ते म्हणाले, ‘‘मला अशी एकही अख्खी निघालेली नाही. त्यांना विचार ना, कशी काढतात?’’

आईला विचारलं. तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. ‘‘कशी म्हणजे? तुम्ही ओढता. ओढलं की तुटणारच. आधी पाणी घालून माती सैल करायची, मग लोकरीच्या सुईने बाजूची माती सारत तिच्या मागे मागे जायचं, ती नेईल तिकडे. केसातली जट नाही का सोडवत? मला ती जगवायची होती ना. तुटली तर कशी जगेल?’’

मी भाषांतर केलं. करता करता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला ते गवत नको होतं, म्हणून मी ते तोडत होतो आणि वाढवत होतो. जिला ते हवं होतं तिनेच ते समूळ काढलं.

‘‘त्यांना सांग,’’ आई म्हणाली, ‘‘आपल्या घरातून त्यांच्याकडे गेलंय. ते सगळं काढल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.’’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, नऊवारी वर खोचून, पायात माझे मोजे घालून, ती शेजाऱ्यांच्या फाटकातून आत गेली.

पुढचे दिवस मी फक्त संध्याकाळच्या बातम्या ऐकल्या. त्यांनी तिच्यासाठी फोमची दुसरी गादी आणली. अकराला चहा. पहिल्या दिवशी त्यांनी गरम पाण्यात पिशवी बुडवून वर थंड दूध घातलं, तेव्हा आई त्यांच्या स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं मागितलं. चौथ्या दिवसापासून तेच आलं किसायला लागले. भाषेची अडचण नव्हती, कारण कोणीच दुसऱ्याच्या भाषेची वाट बघत नव्हतं. एका शनिवारी मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं. ते म्हणाले, ‘‘पाऊस येणारसं दिसतंय.’’ इंग्रजीत. आई म्हणाली, ‘‘हो ना, फार खोल गेलंय. आज ही बाजू पुरी करू.’’ ते म्हणाले, ‘‘माझी बायको नेहमी म्हणायची, आधी कडेचं करावं.’’ आई म्हणाली, ‘‘ह्यांनाही बागेची भारी हौस.’’ आणि दोघं समाधानाने माना हलवत खाली बघत राहिले.

मधे गणपती आले. आईने आमच्या मूर्तीला जास्वंद नाही म्हणून जिरेनियम वाहिली आणि दूर्वांची जागा मोकळी ठेवली. फोन केलेल्या अकरापैकी नऊ घरची माणसं आली. कोणी काही बोललं नाही, उलट स्लाऊच्या बाईंनी आईला वाकून नमस्कार केला. आरतीच्या वेळी बेल वाजली. शेजारी दारात, टाय लावून. हातात एक जुडी होती, बागेच्या हिरव्या सुतळीने बांधलेली. त्यांच्या लॉनमधल्या निवडक, बारीक गवताची. एकवीस, मोजून. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की यात एकही काउच ग्रास नाही, त्यांनी भिंगातून तपासलंय.

आईने ती जुडी दोन्ही हातांनी घेतली आणि गणपतीच्या डोक्यावर ठेवली. ‘‘हे गवतच आहे,’’ ती देवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. ‘‘ह्यांनाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि आता तुलाही.’’ मी टाळ जोरात वाजवला.

विसर्जन झालं, आणि मी एक भयंकर गोष्ट मोजायला लागलो. शेजाऱ्यांच्या लॉनमधल्या नऊ जागांपैकी आठ साफ झाल्या होत्या. आईच्या हातून काहीही मागे राहत नव्हतं. एक जागा उरली, पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याशेजारची, मग तीही अर्धी झाली. ज्या गवताला मी दोन वर्षं शिव्या घातल्या त्याने जरा चिवटपणा दाखवावा म्हणून मी मनातल्या मनात त्याच्या विनवण्या करत होतो. फ्रिजवरची तारीख तशीच होती. आईने बॅग पलंगाखालून बाहेर काढली होती.

एका सकाळी ऑफिसला निघताना आमच्या मागच्या बादलीत कालच्या मुळ्या दिसल्या. त्यातला दोन पेरांचा, हिरवी पात असलेला एक तुकडा मी तोडून घेतला. शेजारी या वेळी कोपऱ्यावर पेपर आणायला जातात हे मला माहीत होतं. आई अंघोळीला गेली होती. मी टाय लावलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, अशा अवस्थेत बाजूच्या फाटकातून आत शिरलो, पाण्याच्या भांड्याशेजारी गुडघे टेकले, बोटाने मातीला भोक पाडलं आणि या देशातल्या सर्वांत सभ्य माणसाच्या लॉनमध्ये काउच ग्रास लावायला लागलो.

‘‘तिथे नको,’’ मागून आवाज आला.

काखेत पेपर, अंगात कोट, शेजारी फाटकाशी उभे होते. माझ्या हातातल्या तुकड्याकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघून घेतलं.

‘‘तिथलं त्यांनी परवाच साफ केलंय,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘लगेच लक्षात येईल. शेडच्या बाजूला लाव. तिकडे त्या अजून गेल्याच नाहीत.’’ मग थोडं थांबून, ‘‘आणि एकच काय लावतोस? आण अजून.’’

मी बादली घेऊन आलो. त्यांनी माझी बॅग धरली. मी आठ तुकडे लावले. त्यांनी झारीने पाणी घातलं.

दहा-बारा दिवसांनी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना मोबाइल वाजला. आई कधी दिवसा फोन करत नाही. मी घाबरून बाहेर आलो.

‘‘अरे, ते तिकीट पुढे ढकल,’’ ती म्हणाली. मागे कुठेतरी कपबश्या वाजत होत्या. ‘‘साहेबांच्या शेडकडे अजून निघालंय. बरंच आहे. माझ्या मते मेपर्यंत तरी पुरेल.’’

‘‘बरं,’’ मी म्हणालो. ‘‘ढकलतो.’’

‘‘ढकल. आणि ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं एका ओळीत आलंय. वीत-वीत अंतरावर.’’

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

‘‘जेवलास का?’’ आईने विचारलं.